शाफ्ट वाकतो म्हणून मटेरियल बदला म्हणणारा इंटरव्ह्यू

तुझा सगळा अनुभव दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. शिरोलीत एका एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन, म्हणजे एकाच ठरावीक कामासाठीचं मशीन) बनवणाऱ्या कंपनीत चार वर्षं डिझाइनला आहेस, चाकणच्या एका मोठ्या ऑटो कंपोनंटवाल्यांनी मशीन डिझाइनच्या पोस्टसाठी बोलावलं, कोल्हापूरहून रात्रीची गाडी पकडून सकाळी स्वारगेट आणि तिथून चाकण, वेळ दहाची, आणि दोन वाजेपर्यंत रिसेप्शनला कुणी विचारलंही नाही. मग तीन माणसं एकामागून एक आली, एकानेही रेझ्युमे आधी वाचलेला नव्हता, मधे मधे फोन चालूच. एकाने टेबलं पाठ आहेत का ते विचारलं, दुसऱ्याने लॅपटॉपवर सध्याच्या कंपनीची मॉडेल्स दाखव म्हटलं, तिसरा म्हणजे डिपार्टमेंट हेड, त्याने विचारलं की शाफ्ट लोडखाली जास्त वाकतोय, काय करशील. तू म्हणालीस डाया वाढवेन किंवा बेअरिंगचा स्पॅन, म्हणजे दोन बेअरिंगमधलं अंतर, कमी करेन. तो म्हणाला ईएन ८ (साधं कार्बन स्टील) च्या जागी ईएन २४ (जास्त ताकदीचं अलॉय स्टील) टाक, हार्डन कर, संपला विषय. तू म्हणालीस त्याने डिफ्लेक्शन, म्हणजे लोडखाली वाकण्याचं माप, बदलणार नाही, तर तो हसला आणि बाकीच्या दोघांकडे बघून "हे आजकालचं इंजिनिअरिंग" असं काहीतरी बोलला. वर सोमवारपर्यंत एका फिक्स्चरचं (मशीनिंगच्या वेळी पार्ट जागेवर पकडून ठेवणाऱ्या साधनाचं) पूर्ण थ्रीडी मॉडेल आणि बीओएम (लागणाऱ्या पार्टची यादी) पाठवायला सांगितलं, तू रविवार घालवून पाठवलंस, आणि आता महिना झाला, ना मेलला उत्तर ना फोनला. आणि तुझा प्रश्न असा की मी चुकले का, तिथे गप्प बसायला हवं होतं का, आणि आता काय करू.

मी भोसरीत एसपीएम आणि फिक्स्चरच्या धंद्यात वीसेक वर्षं आहे, डिझाइनला लागलो आणि डिझाइनलाच राहिलो, गेली बरीच वर्षं इंटरव्ह्यू घ्यायचं कामही माझ्याकडेच असतं. तू माझ्यापेक्षा बरीच लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

आधी शाफ्टचं घेऊ, कारण चार तास बसवून ठेवण्यापेक्षा तुला तेच जास्त लागलंय असं दिसतंय. तू बरोबर होतीस. थोडीशी नाही, पूर्ण.

लोडखाली शाफ्ट किती वाकणार हे ठरतं लोडवर, स्पॅनवर, डायावर आणि मटेरियलच्या यंग्ज मॉड्युलसवर, म्हणजे त्याच्या ताठरपणाच्या मापावर. आणि स्टीलचं मॉड्युलस २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपासच राहतं, मग तू साधं माइल्ड स्टील घे, ईएन ८ घे, ईएन २४ घे नाहीतर ईएन ३१ हार्डन करून ६० एचआरसी कडकपणाला नेलेलं घे, जो काही एक-दोन टक्के फरक पडेल तो डायल गेजवर दिसणारही नाही. कारण मॉड्युलस येतं लोखंडाच्या अणूंच्या आपसातल्या बांधणीतून, आणि ईएन २४ मधलं दीडेक टक्का निकेल, एक-सव्वा टक्का क्रोम आणि थोडं मॉलिब्डेनम ती बांधणी काही बदलत नाही. हीट ट्रीटमेंटने बदलते ती यील्ड, म्हणजे किती लोडपर्यंत शाफ्ट परत सरळ होईल आणि कुठून पुढे कायमचा वाकेल ती हद्द. त्या हद्दीच्या आत दोन्ही शाफ्ट सारखेच वाकतात. मॉड्युलस खरंच बदलायचं असेल तर स्टील सोडून दुसरीकडे जावं लागेल, आणि तिकडे बहुतेक वेळा कमीच मिळतं, ॲल्युमिनियम ७०, ग्रे कास्ट आयर्न १०० च्या आसपास.

नुसतं तत्त्व सांगून पटत नाही, आकडा टाकला की पटतं, म्हणून एक उदाहरण घेऊन बघ. ४० एमएमचा शाफ्ट, दोन बेअरिंगमधलं अंतर ६०० एमएम, मधोमध २००० न्यूटन लोड. दोन्ही टोकं नुसती टेकलेली धरली तर डिफ्लेक्शन येतं साधारण ०.३५ एमएम. आता बेंडिंग स्ट्रेस काढ, तो येतो जेमतेम ४८ एमपीए. ईएन ८ नॉर्मलाइज्ड असला तरी त्याची यील्ड २८० च्या आसपास असते, म्हणजे मटेरियल आरामात बसलेलं आहे, त्याला काहीच त्रास नाहीये. इथे ईएन २४ टाकला तर मटेरियलचा रेट वाढेल, मशीनिंगला वेळ जास्त लागेल, हार्डनिंगला बाहेर पाठवायचं, परत आल्यावर थोडा तरी वाकडा आलेला असणार म्हणून ग्राइंडिंगला अलाउन्स ठेवायचा, आणि एवढं सगळं करून डायल लावला की पुन्हा तोच ०.३५. उलट डाया ४० चा ४५ केला तर ०.२२ वर येतो, ५० केला तर ०.१४ वर, कारण डाया चौथ्या घाताने काम करतो. स्पॅन ६०० चा ५०० केला तर ०.२० वर येतो, कारण स्पॅन तिसऱ्या घाताने. तू नेमकं हेच दोन उपाय सांगितलेस, आणि तेही कुणी सुचवायच्या आधी.

मग एवढा अनुभवी माणूस असं का म्हणाला? हा भाग नीट समजून घे, कारण असे लोक तुला आयुष्यभर भेटणार आहेत आणि सगळेच काही वाईट नसतात. शॉप फ्लोअरवर वाढलेल्या बऱ्याच जणांनी खरंच असं बघितलेलं असतं की शाफ्ट वाकत होता, ईएन २४ टाकला आणि तक्रार बंद झाली. त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय ते खोटं नाहीये. तिथे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर जुना शाफ्ट जॅम होऊन किंवा धक्का बसून यील्डच्या पुढे गेलेला, कायमचा वाकलेला होता, म्हणजे तो प्रश्न स्ट्रेंग्थचा होता आणि तिथे ईएन २४ हेच बरोबर उत्तर आहे. नाहीतर मटेरियल बदलताना नवीन ड्रॉइंग निघालं, त्यात डाया पण वाढला, बेअरिंग पण बदललं, आणि श्रेय सगळं मटेरियलला मिळालं. नंतर कुणी मोजून बघत नाही, आणि मग "वाकतोय तर ईएन २४ टाक" हा नियमच होऊन बसतो.

म्हणून अशा वेळी माझ्या मते "नाही सर, त्याने फरक पडणार नाही" हे पहिलं वाक्य नको, पहिला एक प्रश्न टाकायचा. "सर, लोड काढल्यावर शाफ्ट परत सरळ होतो का वाकडाच राहतो?" बस, एवढाच. या एका प्रश्नात सगळं आहे. परत सरळ होत असेल तर स्टिफनेसचा, म्हणजे ताठरपणाचा विषय, डाया आणि स्पॅन. वाकडाच राहत असेल तर यील्डचा विषय, तिथे त्याचं ईएन २४ चालेल आणि तू मोकळेपणाने तसं म्हणू शकतेस. समोरच्याला त्याच्या ज्युनिअर लोकांसमोर मागे यायला जागा मिळते, आणि तुला तुझं बरोबर असलेलं सोडावं लागत नाही. हे मी तुला वाकायला सांगत नाहीये. साइटवर कस्टमर ओरडत असतो तेव्हाही डिझाइनवाल्याला आधी हाच प्रश्न विचारावा लागतो, कारण "वाकतोय" एवढ्या माहितीवर कुणालाच बरोबर उत्तर देता येत नाही. चांगला इंटरव्ह्यूवाला असेल तर तो तुझा हा प्रश्न ऐकूनच खूश होईल, आणि त्यावरही जो हसेल त्याच्या हाताखाली काम करायचं का ते तूच ठरव.

गप्प बसायला हवं होतं का, तर नाही. अजिबात नाही. नोकरीसाठी चुकीच्या उत्तराला मान डोलावली असतीस आणि त्यांनी घेतलंही असतं, तर सहा महिन्यांनी हाच माणूस तुझ्या ड्रॉइंगवर मटेरियल बदलायला लावणार, मशीन ट्रायलला पास होणार नाही, आणि डिझाइनरच्या कॉलममध्ये सही तुझी असणार.

आता तो पाठांतरवाला. एम १० चा ८.८ ग्रेडचा बोल्ट किती टॉर्कला टाइट करायचा आणि २५ एमएम एच ७ होलची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती, हे तुला तोंडपाठ आलं नाही म्हणून तो नाक मुरडून बसला. इथे मात्र माझं मत जरा वेगळं आहे. हे प्रश्न वाईट नाहीयेत, विचारायची पद्धत वाईट होती. टेबल प्रत्येक डिझाइन ऑफिसच्या भिंतीवर लावलेलं असतं, आयएसओ २८६ (या टॉलरन्सचं स्टॅण्डर्ड) पाठ करून कुणी डिझाइनर होत नाही. पण अंदाज हवा. २५ एच ७ म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन, हे पाठ नसेल तरी "वीसेक मायक्रॉन, होल झिरोपासून वर" एवढं सुटायला हवं, आणि त्यात जी ६ चा शाफ्ट बसवला म्हणजे उणे ७ ते उणे २०, तर क्लिअरन्स कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन पडणार, म्हणजे लोकेटिंग पिन हाताने आत-बाहेर होईल पण खुळखुळणार नाही, हे समजलं की झालं.

बोल्टचं तर पाठ न करता पाच ओळींत काढून दाखवता येतं, आणि तसं दाखवलेलं मला पाठ उत्तरापेक्षा शंभर वेळा जास्त आवडतं. ८.८ म्हणजे टेन्साइल ८०० एमपीए आणि यील्ड त्याच्या ०.८ पट म्हणजे ६४०. प्रूफ स्ट्रेस, म्हणजे बोल्ट कायमचा न ताणता झेलेल तेवढा, एम १६ पर्यंत ५८० धरतात. एम १० चा स्ट्रेस एरिया ५८ चौरस एमएम, म्हणजे प्रूफ लोड ३३.६ किलोन्यूटन, त्याचा पाऊण हिस्सा प्रीलोड, म्हणजे टाइट केल्यावर बोल्टमध्ये राहणारी ओढ, ठेवायचा म्हणजे २५ किलोन्यूटन. टॉर्क म्हणजे फॅक्टर गुणिले डाया गुणिले प्रीलोड, कोरड्या बोल्टला फॅक्टर ०.२ धरला तर बरोबर ५० न्यूटन मीटर. आणि शेवटी हे एक वाक्य जोडायचं की तेल लावलेला बोल्ट असेल तर हाच टॉर्क देऊ नका, फॅक्टर ०.१५ पर्यंत खाली येतो आणि त्याच ५० ला प्रीलोड ३३ किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे जवळपास प्रूफ लोडला जाऊन भिडतो, कारण टॉर्कमधला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला जातो, बाकी सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. हे बोलून दाखवणाऱ्याला मी पुढचा प्रश्न विचारत नाही, सरळ शॉपवर फिरवायला घेऊन जातो. तेव्हा त्या माणसाचा सूर विसर, पण प्रश्न ठेवून घे आणि पुढच्या वेळी असं काढून दाखव. "पाठ नाही सर, पण दोन मिनिटं द्या, काढते" एवढं म्हणून पेन हातात घ्यायचं, परवानगीची वाट बघत बसायचं नाही.

लॅपटॉपवर सध्याच्या कंपनीची मॉडेल्स दाखवायला तू नकार दिलास, ते शंभर टक्के बरोबर केलंस. तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये गोपनीयतेचा क्लॉज असणारच, आणि नसला तरी ती मॉडेल्स तुझ्या कंपनीची आणि त्यातले कंपोनंट तुझ्या कस्टमरचे. मी स्वतः इंटरव्ह्यूत असं दाखवायला निघालेल्या मुलाला थांबवतो, कारण जो आज दुसऱ्याचं मला दाखवतोय तो उद्या माझं तिसऱ्याला दाखवणार. पण हात हलवत जाऊ नये हेही खरं. घरी बसून एखादी साधी वस्तू घे, समजा बाजारात मिळणारा एखादा ब्रॅकेट किंवा पंपाचं कव्हर, त्याचं माप घेऊन स्वतःचं ड्रॉइंग बनव, त्याला ड्रिलिंग फिक्स्चर डिझाइन कर, एक मोठ्या शीटवर प्रिंट काढून फोल्डरमध्ये ठेव. मग "कंपनीचं दाखवू शकत नाही सर, पण हे माझं स्वतःचं आहे, यावर बोलू या" असं म्हणता येतं आणि इंटरव्ह्यूचा ताबाही बऱ्यापैकी तुझ्याकडे येतो.

आणि ते सोमवारपर्यंतचं फिक्स्चर. यावर मला खरंच राग येतो. तू लिहिलंयस की पार्टचं ड्रॉइंग खरं होतं, टायटल ब्लॉकमधलं कस्टमरचं नाव पांढरं केलेलं, आणि मागितलं काय, तर पूर्ण थ्रीडी, स्टॅण्डर्ड पार्टसह बीओएम आणि सायकल टाइम. हा इंटरव्ह्यूचा भाग नाही, हे कोटेशनच्या आधीचं काम आहे ज्याचे आमच्यासारखे लोक पैसे घेतात. सगळ्याच कंपन्या मुद्दाम करतात असं मी म्हणणार नाही, कधी कधी त्यांना खरंच बघायचं असतं की माणूस विचार कसा करतो. पण विचार बघायला एक ए-फोर कागद पुरतो. ३-२-१ कुठे घेतलंस, म्हणजे मोठ्या फेसवर तीन पॅड, लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक, ते ड्रॉइंगमधल्या डेटमवरच (ज्या फेसपासून मापं दिलेली असतात त्यावरच) घेतलेत का, क्लॅम्प पॅडच्या बरोब्बर समोर येतोय का पोकळीवर दाबतोय, ड्रिलचा थ्रस्ट लोकेटरकडे जातोय का क्लॅम्पकडे, ऑपरेटर पार्ट उलटा टाकू शकतो का आणि टाकला तर अडणारी पिन कुठे, बर, म्हणजे ड्रिलिंगचा कीस, कुठे साचणार. हाताने काढलेलं स्केच आणि शेजारी या आठ-दहा ओळी, एवढ्यात मला कॅंडिडेट कळतो. पार्ट उलटा बसण्याचं ज्याने स्वतःहून लिहिलं त्याचा कागद मी बाजूला काढून ठेवतो.

यापुढे कुणी असं मागितलं तर स्केचच पाठव, पीडीएफ करून, प्रत्येक पानावर तुझं नाव आणि तारीख टाकून, आणि मेलमध्ये लिही की यावर समोर बसून किंवा कॉलवर डिटेलमध्ये बोलायला आवडेल. थ्रीडी मॉडेलची नेटिव्ह किंवा स्टेप फाइल पाठवायची नाही. फाइलच पाहिजे असा आग्रह झाला तर सरळ विचारायचं की हे पेड असाइनमेंट आहे का. खरोखर माणूस हवा असलेली कंपनी स्केचवर बोलवते. जी पाठवलीस ती पाठवलीस, त्याबद्दल आता मनाला लावून घेऊ नकोस, नोकरी हवी असलेल्या कुणीही तेच केलं असतं.

लग्न कधी आणि लग्नानंतर चाकणला राहशील का, हेही विचारलं म्हणतेस. ज्याच्याशी पोस्टचा संबंध नाही तो प्रश्न विचारायचाच नसतो, आणि मुलांना तो कुणी विचारत नाही यावरूनच काय ते समज. त्यांना खरी काळजी असते ती माणूस टिकेल का याची, तर तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. "माझ्या बाजूने किमान दोन-तीन वर्षं इथे काम करायचा विचार आहे, ट्रायलला उशिरापर्यंत थांबायची सवय आहे, रात्री घरी सोडायची कंपनीची काय सोय आहे?" आणि तिथेच थांबायचं. त्यांच्या उत्तरावरून तिथे आधी कुणी बाई डिझाइनला किंवा शॉपवर होती की नाही तेही कळतं.

थांबवून ठेवण्याबद्दल मी जरा सावध बोलतो. आमच्या धंद्यात लाइन बंद पडते, कस्टमरची माणसं ऑडिटला येऊन बसतात, मेंटेनन्स हेडचा फोन खरंच उचलावाच लागतो. दहाचे बारा होऊ शकतात. पण मधे कुणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, लाइन बंद आहे, दीड तास लागेल, कॅन्टीनला जेवून घ्या." हे सांगायला कुणालाही अर्धं मिनिट लागतं. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला चार तास पाणीसुद्धा विचारलं नाही, तर तिथे कामाची घाई हे कारण नाही, तिथे माणसांची किंमत नाही. आणि तीन जणांपैकी एकानेही रेझ्युमे वाचलेला नव्हता याचा मला थांबवण्यापेक्षा जास्त राग आला, कारण न वाचता आलेला माणूस मनाला येईल ते विचारतो, तुला वेगळं, नंतरच्याला वेगळं, आणि मग निवडतो तो आपल्याला कोण बरं वाटलं त्यावर. यावर अभ्यास झालेले आहेत. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये अनेक वर्षांचा डेटा एकत्र करून दाखवलं की सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न आणि ठरलेले मार्क असा इंटरव्ह्यू पुढच्या कामाचा अंदाज ०.५१ इतका देतो (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत) आणि मनाला येईल तसा घेतलेला ०.३८. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तो हिशेब दुरुस्त केला तेव्हा पहिला ०.४२ वर आला आणि दुसरा थेट ०.१९ वर. म्हणजे ठरवून, तयारी करून घेतलेला इंटरव्ह्यूही काही फार अचूक नसतो, आणि तुझा झाला तसला तर कामाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. तू डिझाइनर म्हणून कशी आहेस याचं माप त्या खोलीत निघालेलंच नाही.

जे स्वतः इंटरव्ह्यू घेतात त्यांच्यासाठी एक सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत तेही असतील. माझ्या टेबलावर एक तुटलेला बोल्ट असतो, तो हातात देतो आणि "काय दिसतंय" एवढंच विचारतो. तुटलेल्या फेसवर एका कडेपासून सुरू झालेल्या गोल गोल रेषा आहेत, तो भाग गुळगुळीत आहे, आणि दुसऱ्या बाजूला थोडासा खरखरीत तुकडा, म्हणजे क्रॅक हळूहळू सरकत गेला आणि शेवटी उरलेलं मटेरियल एकदम तुटलं. फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या लोडने थकून तुटणं. काही जण सांगतात मटेरियल खराब होतं. काही जण रेषा ओळखतात. आणि थोडेच जण उत्तर द्यायच्या आधी विचारतात की हा कुठे बसवलेला होता, शेजारचे बोल्ट ढिले मिळाले का. शेवटचा प्रश्न विचारणारा मी सहसा सोडत नाही, कारण बोल्ट फटीगने तुटण्याचं कारण बऱ्याचदा मटेरियलमध्ये नसून अपुऱ्या प्रीलोडमध्ये असतं. दुसरं, आमचंच एक जुनं ड्रॉइंग, त्यात मुद्दाम चार-पाच चुका ठेवलेल्या, एक डायमेन्शन गायब, एक टॉलरन्स मशीनला न जमणारी, ते वाचायला देतो. सगळ्यांना तेच ड्रॉइंग, तेवढाच वेळ. पाऊण तासात काम होतं, कुणाला रविवार घालवावा लागत नाही. आणि घ्यायचं नसेल तर आठवड्याभरात दोन ओळींचा मेल जातो. एवढं करणं कुठल्याही कंपनीला जड नाही.

आता तू काय करायचं. महिना झाला म्हणतेस, तर एक शेवटचा मेल एचआरला टाक, चार ओळींचा, अमुक तारखेला इंटरव्ह्यू झाला, अमुक तारखेला असाइनमेंट पाठवलं, निर्णय कळवावा, आणि माझी पाठवलेली डिझाइन फाइल निवडीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरू नये. रागाचा एक शब्द नको. उत्तर आलं तर आलं. शाफ्टचं कॅल्क्युलेशन त्या हेडला पाठवू का असं तू विचारलंयस, तर आता नको. इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी "काल आपलं बोलणं झालं त्यावर थोडं कॅल्क्युलेशन केलं" म्हणून एक पान पाठवलं असतं तर ते चाललं असतं, मला असे मेल आलेले आहेत आणि आवडलेले आहेत. महिन्याने पाठवलेलं भांडण वाटतं. ते पान तुझ्या फोल्डरमध्ये ठेव, पुढच्या ठिकाणी "एखादा टेक्निकल मतभेद कसा सोडवलास" असं विचारलं तर कंपनीचं नाव न घेता हेच सांग, आकड्यांसकट.

समजा त्यांचाच परत फोन आला, असं होतं, पहिला निवडलेला जॉइनच होत नाही आणि मग यांना आठवण येते. तर लगेच हो म्हणू नकोस. विचार की रिपोर्टिंग कुणाला आहे, ड्रॉइंगवर शेवटची सही कुणाची, आणि एकदा शॉप बघायला मिळेल का. शॉपवर गेलीस की ट्रायलवाल्याला किंवा असेंब्लीच्या जुन्या फिटरला विचार की ड्रॉइंगमध्ये चूक सापडली तर तुम्ही काय करता. "डिझाइनला फोन करतो, ते येऊन बघतात" असं म्हणाला तर त्या हेडचं हसणं बाजूला ठेवून विचार करायला हरकत नाही. "आम्हीच घासून बसवतो, वर कुणी ऐकत नाही" म्हणाला तर तिथूनच परतीची गाडी पकड. नोटीस पीरियडचंही आधीच बोल, तुझा ९० दिवसांचा आहे आणि यांना पंधरा दिवसांत हवंय, तर बायआउटचे (नोटीस पूर्ण न करता सुटण्याचे) पैसे कोण भरणार ते ऑफर लेटरमध्ये लिहून घेतल्याशिवाय शिरोलीचा राजीनामा द्यायचा नाही, आणि ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाच्याही ताब्यात ठेवायला द्यायची नाहीत, फक्त दाखवायची.

पुण्याकडेच यायचं असेल तर चाकणच्या मोठ्या कंपन्यांबरोबर भोसरी आणि पिंपरी-चिंचवडकडच्या एसपीएमवाल्यांकडेही अर्ज कर. पगार सुरुवातीला थोडा कमी वाटेल, पण तिथे इंटरव्ह्यू बहुतेक वेळा मालक किंवा डिझाइन हेड स्वतः घेतो, आणि त्याला उद्याच्या उद्या मशीन चालवून दाखवायचं असतं म्हणून तो डाया आणि स्पॅनचं लगेच ऐकतो. आणि ते रविवारी केलेलं फिक्स्चर, त्याच्या लोकेशनबद्दल किंवा क्लॅम्पिंगबद्दल काही शंका असेल तर नुसतं हाताचं स्केच काढून विचार, मी बघून सांगेन, फक्त त्यांचं पार्ट ड्रॉइंग सोबत टाकू नकोस.